एक काना कमी

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या आमच्या घरात तीन वर्षं एक रशियन मुलगी राहत होती, आणि त्यातली निदान दोन वर्षं मी तिला लोकशाही शिकवत होतो. तिनं शिकवा म्हटलेलं नव्हतं. पण मी पुण्याचा. कुणी विचारेल म्हणून थांबलो असतो, तर आयुष्यात काहीच बोलायला मिळालं नसतं.

झालं असं, की २०१५ साली आमच्या लेकीला 'ते रापा' इथल्या दूध कारखान्यात नोकरी लागली आणि ती हॅमिल्टनला राहायला गेली. तिची खोली रिकामी पडली. बायकोनं लायब्ररीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी ही पाठीवर सॅक घेऊन दारात. बावीस वर्षांची, उरालकडच्या एका लहान गावातली, शिकायला म्हणून आलेली आणि आता दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. लेकीच्या मैत्रिणी आम्हाला काका-काकू म्हणतात, म्हणून हिलाही तेच सांगितलं. 'काकू' ती लगेच म्हणायला लागली. 'काका' म्हणताना मात्र तिला हसू आवरेना. महिन्याभरानं बायकोनं कारण काढून घेतलं. रशियनमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलांची शी. तरीही ती मला शेवटपर्यंत काकाच म्हणत राहिली, आणि आमच्या घरातल्या माझ्या स्थानाचा विचार करता बायकोला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मध्येच तिची पाच-पंचवीस मराठी वाक्यं. इथे सगळं मराठीतच लिहितोय.

पहिल्याच रात्री जेवताना मी तिला विचारलं, "काय गं, तुमच्याकडच्या तरुण मुलांचं काय मत आहे राजकारणाबद्दल?"

"मला पॉलिटिक्समध्ये इंटरेस्ट नाही," ती म्हणाली आणि वरणाकडे वळली.

झालं. मला विषय मिळाला. तरुण पिढीची उदासीनता, त्यातून हुकूमशहांचं कसं फावतं, आमच्याकडे लोक उन्हात तीन-तीन तास रांगेत कसे उभे राहतात, असं मी सांगत गेलो. ती शांतपणे ऐकत होती. बायकोनं तिला दुसऱ्यांदा भात वाढला, बहुधा माफी म्हणून.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की हा इंटरेस्ट नसण्याचा प्रकार जरा वेगळा आहे. ती रोज कामावरून आली की फोनवर तिकडचे व्हिडिओ बघायची. कुठल्या साहेबानं कुठे बंगला बांधला, बदकांसाठीसुद्धा तळ्यात घर कसं केलं, हे तिला तोंडपाठ. इथल्या मंत्र्यांची खातीही तिला पाठ होती, जी मला आजही येत नाहीत. मला राजकारणात प्रचंड रस होता आणि माहिती जवळजवळ नव्हती. तिचं बरोबर उलटं होतं.

मात्र ती कशावर नाव घालायची नाही. एकदा शेजारच्या बाई अर्ज घेऊन आल्या, आमच्या रस्त्यावर शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून. हिनं तो अर्ज नीट वाचला, तो कौन्सिलच्या कुठल्या समितीकडे जायला हवा ते सांगितलं, तिसरं वाक्य सुधारून दिलं आणि कागद परत केला. बाईंनी पेन पुढे केलं तर म्हणाली, "मी सही करत नाही." मी कागद न वाचता सही ठोकली. त्या वेळी मला माझाच अभिमान वाटला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी इथलं पहिलं मत २०११ साली दिलं. इथे मताला नागरिकत्व लागत नाही. रेसिडेन्सी मिळाली आणि वर्षभर राहिलात की यादीत नाव घालायचंच, तसा कायदा आहे. मत द्यायचं की घरी झोपायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, पासपोर्ट, लायसन्स, विजेचं बिल असं सगळं घेऊन शाळेच्या हॉलमध्ये गेलो. टेबलामागच्या आजीबाईंनी काहीच बघितलं नाही. नाव विचारलं, यादीत पट्टी ठेवून रेघ ओढली आणि कागद दिला. मी मत पेटीत टाकलं आणि सवयीनं डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. शाईसाठी. आजीबाईंनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते बोट दोन्ही हातांत धरून प्रेमानं हलवलं. "स्वीट ॲज," म्हणाल्या, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'.

हा किस्सा मी हिला सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"ओळखपत्र बघत नाहीत?"

"नाही."

"मग कुणी दुसऱ्याच्या नावानं मत दिलं तर?"

"देत नाहीत. विश्वास असतो."

"कुणाचा कुणावर?"

मी म्हटलं, सगळ्यांचा सगळ्यांवर. तिनं मान हलवली. कवळी बसत नाही असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती अशीच बघत असणार. २०१६ साली तिला रेसिडेन्सी मिळाली, म्हणजे पुढच्या वर्षी तिलाही नाव नोंदवणं भाग होतं. कायद्यापुरती ती नोंदवेल, पण मत द्यायला जाणार नाही, असं तिनं आधीच सांगून टाकलं. "मत" हा शब्द मी तिला तेव्हाच शिकवला होता. मत म्हणजे व्होट आणि मत म्हणजे ओपिनियन, दोन्हीला आमच्याकडे एकच शब्द, असं मी मोठ्या झोकात सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे व्होट आणि आवाज यांना एकच शब्द आहे. "पण मतदान झालं की आवाज पेटीत राहतो," असंही म्हणाली.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. ऑकलंडमधल्या आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस होतो. अध्यक्ष पाच वेळा बिनविरोध निवडून आलेले, मी तीन वेळा. बिनविरोधची आमची पद्धत साधी होती. वार्षिक सभा सकाळी अकराला सुरू व्हायची, अहवाल, आभार, सत्कार होता होता पाऊण वाजायचा. मागच्या स्वयंपाकघरात वडे तळायला सुरुवात झाली की अध्यक्ष उठून म्हणायचे, "यंदा खरंच नवीन रक्तानं पुढे यावं. कुणाची इच्छा असेल तर आत्ता सांगा." वड्यांच्या वासात कुणाला कसली इच्छा होणार? टाळ्या व्हायच्या आणि सगळे प्लेटा घ्यायला उठायचे. मी हे इतिवृत्तात लिहून घरी यायचो आणि जेवताना त्या मुलीला सांगायचो, की तुमच्याकडे एकच माणूस इतकी वर्षं कसा काय चालतो बुवा? या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही. माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा. स्वतःच्या कामाला कुणी तो नियम लावत नाही.

२०१७च्या सभेआधी मात्र आक्रीत घडलं. टाकानिनीला राहणारी एक बाई, पस्तिशीची, दोन लहान पोरांची आई, हिनं अध्यक्षपदासाठी रीतसर अर्ज भरला. तिचं म्हणणं, पोरांसाठी दर रविवारी मराठीचा वर्ग हवा, आणि पाच तासांचा कार्यक्रम तीन तासांत उरकून पोरं भुकेनं रडायच्या आत जेवण वाढायला हवं. दोन्ही मागण्या इतक्या रास्त होत्या की अध्यक्षांना फार लागलं.

"निवडणूक होऊन जाऊ दे," ते मला फोनवर म्हणाले. "फक्त उद्या कुणी म्हणायला नको की मोजणीत घोळ केला. आपल्यात प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा तरी माणूस. मोजायला बाहेरचं कुणीतरी हवं. तुमच्याकडे ती रशियन मुलगी आहे ना? तिला तर राजकारणात रसच नाही म्हणता."

त्या वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत रशियानं लुडबूड केली का, ही चर्चा जगभर चाललेली. आणि आमच्या मंडळानं निवडणूक स्वच्छ व्हावी म्हणून रशियातून माणूस आणला. व्हॉट्सॲपवर आठवडाभर विनोद चालले, त्यातले दोन माझे होते.

तिनं सरळ नकार दिला. मी कारण विचारलं, तसं ती चमच्यानं टेबलावर रेघा मारायला लागली. मग सांगितलं.

तिची आई शाळेत शिक्षिका. त्यांच्या गावात मतदान शाळेतच होतं आणि मोजायला शिक्षकच बसतात. ही अठराची झाली त्या हिवाळ्यात तिनं आईच्याच शाळेत पहिलं मत दिलं. स्पीकरवर गाणी चालू होती, स्वस्तात पेस्ट्री मिळत होत्या. तिच्या वर्गातल्या अकरा जणांनी आदल्या दिवशी ठरवून एका छोट्या पक्षाला मत दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारावर निकालाचा कागद लागला. त्या पक्षापुढे चार हा आकडा होता. खाली मोजणाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि तिसरी सही आईची होती.

"मी घरी जाऊन विचारलं. आई म्हणाली, आकडे मी नाही भरले. सही घेतली तेव्हा ती जागा कोरी होती." तिनं चमचा खाली ठेवला. "कोऱ्या जागेवर कुणी सही करतं का, काका?"

त्यानंतर मायलेकी नीट बोलल्या नव्हत्या. ही फोन करायची, पण दोन मिनिटांत हवापाणी आणि बटाट्यांचं पीक एवढं बोलून ठेवून द्यायची. ते मी दर रविवारी ऐकत होतो आणि रशियन लोक मितभाषी असतात असा निष्कर्ष काढून बसलो होतो.

मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी भाषण करतो, म्हणून भाषण केलं. म्हटलं, "बघ, सगळीकडे तसं नसतं. तू एकदा स्वतः मोजून बघ. चिटणीस मी आहे. ज्या कागदावर तू सही करशील तो माझ्या हातचा असेल."

"ठीक आहे. तुमच्या भरवशावर," म्हणाली. "आणि हे सगळं नीट झालं, तर सप्टेंबरमध्ये मी मत द्यायला जाईन."

जुलैतला रविवार होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा, आणि हॉलमधला हीटर नेहमीप्रमाणे बंद. मतपेटी म्हणजे गेल्या दसऱ्याच्या श्रीखंडाचा मोठा डबा, झाकणाला फट पाडलेला. मतपत्रिका मी तयार केली होती. दोन नावं, पुढे दोन चौकोन, आणि खाली शोभेसाठी एक वाक्य, 'कृपया आपले मत नोंदवा', त्यापुढे एक रेघ. ती रेघ का मारली ते आता सांगता येत नाही. कागद रिकामा दिसत होता.

डबा उघडल्यावर त्या रेघेनं काय केलंय ते कळलं. निम्म्या लोकांनी मत नोंदवलं होतं. 'आमटीत गूळ कमी घालावा.' 'पार्किंगचं बघा.' 'सूत्रसंचालन कवितेत नको.' एकानं रेघ पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला सविस्तर लिहिलं होतं, खाली 'कळावे' घालून. मुलगी एकेक कागद माझ्याकडून वाचून घेत होती. चौकोनात खूण असेल तर मत चालेल, नुसतंच लिहिलेलं असेल तर बाद, असा नियम तिनं केला आणि दोन्ही उमेदवारांना उभ्या उभ्या मान्य करायला लावला. ती दर दहा कागदांनी थांबून पुन्हा मोजत होती. कवळ्या करणारीचे हात, घाई म्हणून नाही. हॉलमधले ऐंशी-पंच्याऐंशी लोक वडे विसरून तिच्याकडे बघत होते.

दोन मतं बाद झाली. एकात फक्त आमटी होती. दुसऱ्यावर कुठेही खूण नव्हती आणि रेघेवर लिहिलं होतं, 'दोघेही योग्य आहेत.'

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. अक्षर माझं होतं, ते काही सांगितलं नाही.

अध्यक्षांना एकेचाळीस, टाकानिनीच्या बाईंना चाळीस. तिनं आकड्यांचा इंग्रजी कागद भरून सही केली. मग मी मराठी निकालपत्र पुढे केलं. मजकूर लिहून तयार होता, मधली एक ओळ तेवढी मोकळी होती. "इथे निकाल येईल," मी म्हटलं. "याचंच मराठी. नंतर गर्दीत राहून जातं, आत्ताच सही करून टाक." तिनं पेन टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

ती डबा आणि कागद गोळा करायला लागली, तेवढ्यात अध्यक्षांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. टाकानिनीच्या बाई तिथेच उभ्या होत्या.

"एकेचाळीस-चाळीस," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "हे बाहेर सांगितलं तर मंडळाचे दोन तुकडे होतील. गणपती महिन्यावर आलेत. मूर्ती कोण आणणार, मोदक कोण करणार? मी म्हणतो, यांनी उपाध्यक्ष व्हावं, मराठीचा वर्ग उद्यापासून सुरू करावा, जेवण साडेबाराला. आणि निवड एकमताने झाली असं जाहीर करू."

बाईंनी थोडा विचार केला. वर्ग मिळत होता, जेवण मिळत होतं. "चालेल," म्हणाल्या. "पोरांचं झाल्याशी कारण."

म्हणजे निवड एकमताने झाली असं सांगायचं, यावर आमच्या तिघांचं एकमत झालं. हॉलमध्ये जिनं मतं मोजली तिला विचारायला हवं, हे तिघांतल्या एकालाही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, मला सुचलं होतं. पण वडे गार होत होते.

मी पेन काढलं. 'एका मताने' लिहायचं होतं तिथे 'एकमताने' लिहिलं. एक काना कमी आणि दोन शब्द जरा जवळ. गेली वीस वर्षं एका चुकीच्या अक्षरासाठी मी ऑफिसातल्या पोरांचा अख्खा प्रोग्रॅम परत पाठवत आलोय.

अध्यक्षांनी माइकवर ओळ वाचली. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या उपाध्यक्षबाईंनी वाजवल्या.

गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला. मग म्हणाली, "ते म्हणाले, एकमताने. एक मत. म्हणजे, एका मतानं जिंकले, हो ना?"

तिनं स्वतःच जुळवलं होतं. मी फक्त "हो" म्हणालो.

"आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं!" ती सीटवर वळून बसली. "हरलेली बाई टाळ्या वाजवत होती, काका!" इतकी खूश मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. मी इंडिकेटर दिला आणि हायवेला लागलो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. खरं तर मला बरं वाटत होतं. मंडळ वाचलं होतं आणि एक तरुण जीव लोकशाहीला लागला होता.

पुढे सगळं तिनं कबूल केल्याप्रमाणे केलं. मतदार यादीत नाव घालायचा नारिंगी फॉर्म भरला. ही यादी लायब्ररीत कुणालाही बघता येते, भीती वाटत असेल तर गुप्त यादीत नाव घालता येतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, नको, उघडच राहू दे. मतदानाच्या दिवशी रस्त्यांवरचे सगळे फलक एका रात्रीत नाहीसे झाले होते, त्याचंही तिला कौतुक. शाळेच्या हॉलमधून ती बाहेर आली ती जॅकेटला 'मत दिलं'चा स्टिकर चिकटवून. घरी आल्यावर बायकोनं तिच्यासाठी शिरा केला. लेकीचा हॅमिल्टनहून फोन आला तेव्हा मी सांगितलं, की मी एका माणसाचं मन बदललं.

"गुड ऑन यू, बाबा," लेक म्हणाली. ती मराठी सगळं समजते आणि इंग्रजीत बोलते.

ऑक्टोबरमध्ये मंडळाची दिवाळी झाली. लेकही आली होती. रशियन मुलगी बायकोची हिरवी साडी नेसली होती आणि आल्यापासून फराळाची ताटं भरत होती. जेवण खरोखर साडेबाराला तयार होतं. अध्यक्ष खुशीत होते. माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या निवडणूक निरीक्षक! या, दोन शब्द मराठीत बोला."

ती लाजली नाही. तिनं तयारी केली होती. "नमस्कार, किआ ओरा," असं आधी मराठीत, मग माओरीत म्हणाली. "माझी आई शाळेत मतं मोजते. मी तिला सांगितलं, इथे अध्यक्ष एका मताने निवडून आले. आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं."

पहिल्या रांगेत कुणी हसलं नाही. मग अध्यक्ष पुढे झाले, तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "एकमताने, बेटा. एका मताने नाही. एकमताने!" आणि मग हॉलभर हशा पिकला. परक्या मुलीनं मराठीत केलेली गोड चूक. केवढ्या टाळ्या झाल्या.

ती खाली येऊन माझ्या लेकीशेजारी बसली. मी मागच्या खुर्चीवर होतो, मला ऐकू येत होतं. "काय फरक आहे?" तिनं विचारलं.

"इट मीन्स युनॅनिमस," लेक म्हणाली. "एव्हरीवन सेड येस."

ती मागे वळली नाही. करंजी हातात होती, ती तिनं हळूच ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ती स्वयंपाकघरात आली आणि निकालपत्र बघायला मागितलं. मी फाइल काढली. नाही म्हणायला हवं होतं असं आत कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आतला आवाज नेहमीसारखा माझ्याच बाजूचा होता. उपाध्यक्षबाईंच्या वर्गात ती दर रविवारी मागच्या बाकावर बसायची, त्यामुळे आता तिला अक्षरं लावता येत होती. तिनं बोट ठेवून वाचलं. ए, क, म, ता, ने. बोट सरकत खाली स्वतःच्या सहीपर्यंत आलं.

"आकड्यांचा कागद कुठे आहे?"

"रिसायकलिंगला गेला असेल," मी म्हणालो. आपसूक गेला नव्हता. मीच टाकला होता.

मी समजावायला लागलो. मंडळ फुटलं असतं, कुणाचंच नुकसान झालं नाही, जिंकले ते खरंच जिंकले, पोरांना वर्ग मिळाला. एकही वाक्य खोटं नव्हतं. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती आणि गॅस बंद होता तरी काहीतरी ढवळत होती.

मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं.

"घर सोडेपर्यंत मी आईला एकच विचारत होते," ती म्हणाली. "कोऱ्या जागेवर सही केलीसच कशी? आणि तिचं उत्तर कायम एकच असायचं. म्हणायची, मुख्याध्यापक चांगला माणूस आहे. मी म्हणायचे, हे काय उत्तर झालं?"

मी म्हटलं, आत्ता दुरुस्त करतो, काना घालतो, पुढच्या सभेत उभं राहून सांगतो. पेनसुद्धा काढलं. तिनं फाइल मिटून माझ्याकडे दिली आणि फोन घेऊन टेबलाशी बसली. तिकडे सकाळ होती. दुसऱ्याच रिंगला आईनं उचलला.

मला रशियन येत नाही. नेहमीचं हवापाण्याचं बोलणं नव्हतं एवढं कळत होतं, कारण दोन मिनिटं संपली, दहा झाली, तरी ती बोलत होती, आणि पलीकडून आधी काहीच येत नव्हतं, मग रडण्याचा आवाज यायला लागला. ही डोळे पुसत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. बायकोनं खूण करून मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून ती आईची माफी मागत होती, आणि ज्यानं मागायला हवी होती तो मी हातात पेन धरून उभा होतो.